आठ पट्ट्या: स्वागत समारंभातल्या एका वाया गेलेल्या तासाचा हिशेब

रात्री दीड वाजता कॅमेऱ्याचं पहिलं मेमरी कार्ड संगणकावर उघडलं तेव्हा मला वाटलं, स्क्रीनची केबल सैल झाली असावी. नवरीच्या कपाळावर एक काळपट आडवी पट्टी, डोळ्यांखाली दुसरी, हनुवटीवर तिसरी. केबल दाबून पाहिली, पट्ट्या तिथेच. पुढचा फोटो उघडला, त्यात त्याच पट्ट्या थोड्या वर सरकलेल्या. त्याच्या पुढच्यात नवरा उडी मारून हवेत, आणि चेहऱ्याचा वरचा भाग जांभळा, खालचा हिरवट. नाचाच्या एका तासात मी सातशेच्या वर फोटो काढले होते. झोपायला गेलो तोवर कामाचे चाळीसही हाती लागले नव्हते.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण त्या रात्री माझं कुठलंही साहित्य बिघडलेलं नव्हतं. कॅमेरा, ट्रिगर, दोन्ही फ्लॅश, सगळं ठणठणीत होतं. बिघडलं ते त्याच्या आजूबाजूला.

संध्याकाळचा क्रम

बंदिस्त हॉल, उंच काळं छत, मंचामागे मोठी एलईडी वॉल. मंचाच्या समोर ट्रसवर (धातूच्या उंच चौकटीवर) आठ रंगीत एलईडी पार, म्हणजे झोत टाकणारे दिवे, नाचाच्या जागेवर आणखी काही. माझ्याकडे दोन मिररलेस बॉडी, म्हणजे आत आरसा नसलेले नव्या धर्तीचे कॅमेरे, कोपऱ्यांत स्टँडवर छत्री लावलेले दोन फ्लॅश, रेडिओ ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्यावरून फ्लॅशना बिनतारी इशारा देणारं यंत्र. सोबत सेकंड शूटर, म्हणजे दुसरा फोटोग्राफर. त्याच्याकडे जुना डीएसएलआर, ज्याची मी गाडीत येताना थट्टाही केली होती.

दुपारी मी जाऊन चाचणी घेतली होती, हे मुद्दाम सांगतो. लाइटवाल्याने पार लावून पाहिले, मी १/६४० शटरवर (म्हणजे शटर सेकंदाचा ६४०वा भाग उघडं) दहा-बारा फोटो घेतले, सगळे स्वच्छ आले. वहीत ‘प्रकाश भरपूर, अडचण नाही’ असं लिहूनही ठेवलं.

संध्याकाळी विधी सुरू होण्याआधी नवरीच्या मोठ्या भावाने विनंती केली, ‘दादा, विधी चालू असताना कॅमेऱ्याचा आवाज नको.’ मी दोन्ही बॉडी सायलेंट मोडवर टाकल्या, म्हणजेच इलेक्ट्रॉनिक शटरवर. विधी झाले, फोटो उत्तम आले. मग लगेच नाच सुरू झाला, मी धावत मंचाच्या कडेला पोचलो, शटर दाबलं. फ्लॅश पेटला नाही.

या क्षणापाशी थोडं थांबतो, कारण पुढचं सगळं इथून सुरू झालं. बहुतेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर चालू असताना फ्लॅश पेटतच नाही. हे मला माहीत होतं, वर्षानुवर्षं माहीत होतं. पण त्या घाईत डोक्यात आलं ते वेगळंच: व्हिडिओवाल्यांचं वायरलेस आपल्या ट्रिगरच्या चॅनेलवर आलं असणार. बहुतेक ट्रिगर आणि हॉलमधलं निम्मं सामान २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतं, त्यामुळे संशय अगदीच खुळा नव्हता. मी चॅनेल बदलला, बॅटऱ्या काढून घातल्या, तरी काही नाही. शेवटी म्हटलं, प्रकाश भरपूर आहे, दुपारी पाहिलंय, बिनफ्लॅशचं काढू. एफ १.८ (भिंगाचं छिद्र), १/६४०, आयएसओ ६४०० (सेन्सरची संवेदनशीलता). तासभर तसंच.

ट्रिगरवर एक टेस्ट बटण असतं. ते दाबलं असतं तर दोन्ही फ्लॅश लखकन पेटले असते आणि पाच सेकंदांत कळलं असतं की ट्रिगर ते फ्लॅश ही वाट मोकळी आहे, दोष कॅमेऱ्याच्या बाजूला आहे. ते बटण मी दाबलं नाही. आता फ्लॅश पेटला नाही की पहिलं बोट तिकडेच जातं.

आणि पट्ट्या मागच्या स्क्रीनवर दिसल्या नाहीत का? दिसल्या. पण मागे एलईडी वॉल होती. वॉलवर पट्ट्या येतातच, त्याची डोळ्यांना सवय असते. त्या सवयीने चेहऱ्यावरच्या पट्ट्याही मी वॉलच्या खात्यात जमा केल्या. फोटो मोठा करून एकदाही पाहिला नाही.

पट्ट्या मोजल्या तेव्हा

दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं शांत झाल्यावर मी एक पूर्ण फ्रेम घेतली आणि वरपासून खालपर्यंत पट्ट्या मोजल्या. आठ. दुसरी घेतली. आठच. मग हिशेब मांडता आला.

इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर एका दमात फोटो घेत नाही, ओळीमागून ओळ वाचत जातो. माझ्या बॉडीचा सेन्सर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जायला सुमारे १/५० सेकंद घेतो, म्हणजे २० मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आठ पट्ट्या, तर एक पट्टी अडीच मिलिसेकंदांची. म्हणजे दिवा सेकंदाला सुमारे ४०० वेळा उघडझाप करत होता.

आता दुपारी पट्ट्या का नव्हत्या? यातच सगळी मेख आहे. एलईडी पार मंद करायचा असेल तर बरेच दिवे वीज कमी करत नाहीत, उघडझाप करतात. ३० टक्के उजेड हवा तर दर फेऱ्यात ३० टक्के वेळ पूर्ण पेटलेला, ७० टक्के वेळ पूर्ण विझलेला. डोळ्याला ते मंद दिसतं. दिवा १०० टक्क्यांवर असेल तर विझण्याचा प्रश्नच नाही, म्हणून पट्टीही नाही. दुपारी लाइटवाल्याने दिवे पूर्ण पांढरे, पूर्ण उजेडाचे लावून दाखवले होते. संध्याकाळी वातावरण हवं म्हणून ते तिसाच्या आसपास उतरवले. दिवे तेच आणि कॅमेराही तोच, मधे फक्त एक स्लायडर खाली आला होता.

१/६४० म्हणजे सुमारे दीड मिलिसेकंद. दिवा प्रत्येक फेऱ्यात पाऊण मिलिसेकंद पेटलेला आणि पावणेदोन मिलिसेकंद विझलेला. त्यामुळे काही ओळींच्या वाट्याला पूर्ण पेटलेला काळ आला आणि काही ओळींचा सगळा दीड मिलिसेकंद अंधारातच गेला. वर एका दिव्यात लाल, हिरवा, निळा असे वेगळे एलईडी, त्यांची उघडझाप एकमेकांशी जुळलेली असेलच असं नाही. म्हणून पट्ट्या नुसत्या काळ्या न येता रंगीत आल्या.

मग १/२०० वर काय झालं असतं? पाच मिलिसेकंदांत बरोबर दोन पूर्ण फेरे बसतात. प्रत्येक ओळीला सारखाच प्रकाश, पट्टी गायब. १/१०० वर चार फेरे, तेही स्वच्छ. ६००, १०००, १२०० या आकड्यांनाही २०० ने भाग जातो, म्हणून अनोळखी हॉलमध्ये १/२०० पासून सुरुवात करणं शहाणपणाचं. हमी नाही, कारण दिव्याची उघडझाप अशा गोल आकड्यावरच असते असं नाही, पण सुरुवात म्हणून बरी.

इथे कॅमेऱ्यातल्या सोयींबद्दल एक गैरसमज दूर करतो, कारण ‘तुझ्या कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर नाही का’ हे मला चार जणांनी विचारलं. आहे. कॅननच्या ७डी मार्क टूमध्ये ती सोय २०१४ साली आली आणि आता जवळपास सगळीकडे मिळते. पण ती साधी सोय विजेच्या पुरवठ्यातून येणारी १०० किंवा १२० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा होणारी लुकलुक पकडते, आणि तीही बहुधा मेकॅनिकल शटरवर. पारची शेकडो-हजारो हर्ट्झची उघडझाप तिच्या आवाक्यात नाही. त्यासाठी शटर अगदी बारीक पायऱ्यांनी सरकवता येणारी सोय लागते. ती कॅननच्या आर३, सोनीच्या अल्फा १ अशा २०२१ च्या बॉडींपासून दिसू लागली. २०२३ च्या अखेरीस जाहीर झालेल्या सोनीच्या ए९ थ्रीमध्ये ग्लोबल शटर आहे, सगळा सेन्सर एकाच वेळी वाचला जातो, तिथे पट्टीचा प्रश्नच मिटतो. मात्र एक फोटो उजळ आणि पुढचा काळा, हे तिथेही होऊ शकतं, कारण दिवा विझलेल्या क्षणी काढलेला फोटो अंधारातलाच असणार. तेव्हा ‘नवी बॉडी घेतली की झालं’ असं म्हणणाऱ्याने आधी आपल्या लाइटवाल्याशी दोन शब्द बोलून पाहावेत.

हॉलमध्ये तपासण्याची एक फुकटची युक्ती सांगतो. मंद केलेल्या दिव्याखाली हातात पेन धरून झपकन हलवायचं. प्रकाश अखंड असेल तर पेनचा एक सलग पुसट पट्टा दिसतो. उघडझाप असेल तर एकाच्या जागी दहा-बारा पेनं दिसतात, पंख्याच्या पात्यांसारखी. मी हे आता हॉलमध्ये शिरल्या शिरल्या करतो. लोक बघतात. बघू देत.

रंगाचं दुखणं वेगळं

पट्ट्या नसलेल्या फोटोंतही चेहरे वांग्यासारखे आले होते. इथे माझी समजूत होती की रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आहे, व्हाइट बॅलन्स नंतर बघू. व्हाइट बॅलन्स म्हणजे लाल, हिरव्या, निळ्या चॅनेलला कमी-जास्त गुणणं. निळ्या-जांभळ्या एलईडीखाली हिरव्यात जवळपास काही नव्हतंच. शून्याला कितीही गुणलं तरी शून्य. उलट निळा चॅनेल भरून वाहून गेला होता. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा पांढरा हिस्टोग्रॅम (उजेडाचा आलेख) मात्र मधोमध, अगदी सज्जनासारखा बसला होता. तो तिन्ही रंगांची गोळाबेरीज दाखवतो. रंगांचे तीन आलेख वेगळे उघडले असते तर निळा उजव्या भिंतीला चिकटलेला दिसला असता.

उपाय एकच होता आणि तो स्टँडवर तयार उभा होता. चेहऱ्यावर आपला पांढरा प्रकाश टाकायचा आणि रंगीत प्रकाश मागे ढकलायचा. आकडे असे: एफ १.८, १/६४०, आयएसओ ६४०० वरून एफ २.८, १/२००, आयएसओ १६०० वर आलं की हॉलचा प्रकाश सुमारे दीड स्टॉप खाली जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). सहा मीटरवरून छत्रीतून आलेला साधा फ्लॅश या सेटिंगला १/१६ पॉवरच्या आसपास पुरतो. बॅटरी दमत नाही, फ्लॅश तापत नाही, रिसायकलसाठी, म्हणजे फ्लॅश पुन्हा भरेपर्यंत, थांबावं लागत नाही. नाचणारा माणूस गोठवायला १/६४० ची गरजही उरत नाही. कमी पॉवरवर फ्लॅशचा लखलखाट एक हजारांश सेकंदाहूनही कितीतरी कमी वेळात संपतो आणि गोठवायचं काम तोच करतो. चेहऱ्यावर फ्लॅश रंगीत प्रकाशापेक्षा दोन स्टॉप वर ठेवला की पाच भागांतले चार भाग पांढरे, एक भाग रंगीत. तेवढा रंग असावाच, नाहीतर पार्टी ऑफिसात झाल्यासारखी दिसते.

सहाच मीटर का, जवळ का नाही? फ्लॅश दोन मीटरवर ठेवला तर पुढचा माणूस दोनवर, मागचा चारवर, आणि अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई, म्हणजे दोन स्टॉपचा फरक. पुढचा पांढराफटक, मागचा काळा. तोच फ्लॅश सहा मीटरवर नेला तर सहा आणि आठ मीटरमधला फरक एक स्टॉपही भरत नाही. नाचणारी माणसं एका जागी उभी राहत नाहीत, म्हणून फ्लॅश लांब आणि उंच. छतावरून बाउन्स करायचा विचार त्या हॉलमध्ये सोडूनच द्यायचा. काळं छत प्रकाश गिळतं.

काय वाचलं

तीन ठिकाणांहून मिळालं. सगळ्यात जास्त त्या जुन्या डीएसएलआरमधून. त्याला सायलेंट मोडच नव्हता. मेकॅनिकल शटर, १/२००, कॅमेऱ्यावर फ्लॅश आणि त्यावर पांढरं कार्ड. रचना माझ्यापेक्षा साधी, पण चेहरे माणसांचे होते. गाडीतली थट्टा मी फोन करून परत घेतली आणि त्याचे पैसे त्याच दिवशी पूर्ण चुकते केले. माझी चूक झाली म्हणून सोबत्याचे पैसे अडकवणारे लोक मी पाहिलेत. असं करणाऱ्याला पुढच्या हंगामात चांगला सेकंड शूटर मिळत नाही.

दुसरं, व्हिडिओ. त्यांनी २५ फ्रेमला १/५० शटर धरलं होतं. वीस मिलिसेकंद, आठ पूर्ण फेरे, पट्टी नाही. फोरके व्हिडिओतली एक फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६०, आठ मेगापिक्सेलच्या थोडी वर. ३०० डीपीआयला जवळपास तेरा बाय सात इंच. अल्बमच्या अर्ध्या पानाला सहज चालते, हालचाल थोडी पुसटते एवढंच.

तिसरं, माझ्याच फाइलींपैकी काही ब्लॅक अँड व्हाइट करून. इथे लाल चॅनेलवर भर देऊन रूपांतर केल्यावर कातडी बरी दिसली. पट्ट्या पुसायचा प्रयत्न मात्र मी दोन दिवसांनी सोडला. प्रत्येक पट्टीचा रंग वेगळा, कडा पुसट, आणि फ्रेमगणिक जागा बदललेली. एक फोटो नीट करायला पाऊण तास, तरी गालावर डाग राहायचाच.

बोलणं

फोटो देण्याची तारीख यायला अजून बराच अवकाश होता. गप्प बसून, अल्बममध्ये नाचाची पानं कमी करून निभावून नेता आलं असतं. मोह झाला नाही असं म्हणणार नाही. पण चौथ्या दिवशी नवरीच्या भावाला फोन केला आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो. तीन फोटो दाखवले: पट्ट्यांचा एक, सेकंड शूटरचा एक, व्हिडिओतला एक.

‘हे दिव्यांमुळे झालं का?’ त्याने विचारलं.

‘दिव्यांमुळे आणि माझ्यामुळे. मोड बदलायचा मी विसरलो. दिव्यांचं मला आधी कळायला हवं होतं.’

इथे सगळा दोष लाइटवाल्यावर टाकणं सोपं होतं. पण दिवे कसे चालणार हे मी त्याला विचारलंच नव्हतं, तर त्याने सांगायचं कधी? शिवाय ग्राहकाच्या दृष्टीने लाइटवाला आणि फोटोवाला दोघंही त्यानेच नेमलेले. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं की त्याच्या मनातून दोघंही उतरतात.

तो बराच वेळ पट्ट्यांचा फोटो बघत राहिला. मग म्हणाला, ‘दादा, पैशांचं नंतर बघू. बाबा कधीच नाचत नाहीत. त्या दिवशी नाचले. तो फोटो आहे का, तेवढं सांगा.’

माझ्या कार्डात बाबांचे अकरा फोटो होते, अकराही गेलेले. सेकंड शूटर त्या वेळी प्रवेशदाराशी होता. व्हिडिओत ते सोळा सेकंद होते, त्यातल्या सुमारे चारशे फ्रेम मी त्यांच्यासमोर बसून एकेक करून चाळल्या. एकीत त्यांचा चेहरा बऱ्यापैकी ठळक होता आणि वर उचललेला हात पार पुसट. भाऊ म्हणाला, ‘हाच.’

शेवटचा हप्ता अर्धा घ्यायचं ठरलं. हा आकडा मीच सुचवला. पूर्ण माफ करणं मला पटत नव्हतं, कारण विधी, कौटुंबिक फोटो, तयारी हे सगळं नीट झालं होतं आणि त्याचे पैसे घेण्यात काही गैर नव्हतं. पण खरा तोटा हप्त्याचा नव्हताच. दुरुस्तीत गेलेले चार दिवस आणि त्यापायी सोडलेलं एक छोटं काम, ते त्या अर्ध्या हप्त्याहून जास्त भरलं. सवलत देताना आपण फक्त सवलत मोजतो. खुर्चीत बसून गेलेले दिवस कोणी मोजत नाही.

त्यानंतर

माझा करार तोवर एका पानाचा होता: तारीख, तास, माणसं किती, अल्बमची पानं किती, पैसे कधी. प्रकाशाबद्दल एक अक्षर नाही. आता त्यात हे आहे: ‘मंच व नाचाच्या जागेवरील प्रकाशयोजना आयोजकांची राहील. समारंभाच्या किमान एक आठवडा आधी प्रकाशयोजना करणाऱ्याशी छायाचित्रकाराचं बोलणं ग्राहकाने करून द्यावं. रंगीत प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रांत तो रंग दिसेल.’ वकिलाकडून तपासून घेतलं. या कलमाने माझ्या विसराळूपणाचं रक्षण होत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. त्याचा खरा उपयोग एकच: ते वाचताना ग्राहक विचारतो, ‘लाइटवाल्याशी कशाला बोलायचं?’ आणि बोलणं सुरू होतं.

सायलेंट मोडसाठी कॅमेऱ्याच्या डायलवर वेगळा कस्टम क्रमांक लावून टाकलाय. विधी संपले की डायल फिरवायची, मेन्यूत शिरायचं नाही. आणि दोन बॉडींपैकी एकच सायलेंटवर जाते.

पुढच्याच महिन्यात अशाच एका हॉलमध्ये मी दुपारी लाइटवाल्याच्या टेबलापाशी जाऊन बसलो. विशी-बाविशीचा मुलगा, समोर स्लायडरची रांग.

‘भाऊ, रात्री नाचाला समोरचे पार कितीवर ठेवणार?’

‘पंचवीस-तीसवर, सर. वर गेलं की वॉलचा रंग मरतो.’

‘आत्ता तीसवर करून दाखवता?’

त्याने स्लायडर खाली घेतला. मी पेन काढून हलवलं. त्यालाही दाखवलं. त्याने माझ्या हातातून पेन घेऊन स्वतः तीन-चार वेळा हलवलं, मग स्लायडर वर-खाली करत पुन्हा हलवलं. त्याच्या दिव्यांच्या मेन्यूत उघडझापीचा वेग वाढवायची सोय निघाली. बऱ्याच नव्या दिव्यांत ती असते. त्याने ती कधी उघडलीच नव्हती. आठ दिव्यांपैकी सहांचा वेग वाढला. दोन जुने होते, त्यांत ती सोय नव्हती.

‘ते दोन मागच्या बाजूला फिरवतो,’ तो म्हणाला आणि शिडी आणायला गेला.